खांद्याचे पेशंट आणि तोंडाचा तास

मी दातांची डॉक्टर आहे आणि उज्जैनला राहते, त्यामुळे कामाची ददात मला कधी पडली नाही. इथे सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणभाताबरोबर शेव, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून शेव, आणि या सगळ्यावर ‘मुँह साफ करने के लिए’ सुपारी. सुपारीने तोंड साफ होतं हा शोध कोणी लावला कोण जाणे, पण त्याच्यावर माझं घर चाललंय. फ्रीगंजात टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे. दाढेने पार लोळवल्याशिवाय लोक माझ्याकडे येत नाहीत. त्याआधी आले तर ते उज्जैनचे कसले!

नानाखेड्याकडे एक फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. तिथल्या प्राचार्या अशाच एक ठणकती दाढ घेऊन आल्या होत्या. काम संपल्यावर, अर्धं तोंड बधिर असतानाच त्यांनी मला विचारलं, आमच्या मुलांना तोंड तपासायला शिकवाल का? मला वाटलं, भूल डोक्यात चढली. फिजिओची मुलं गुडघे वाकवणार, मानेला पट्टे बांधणार, त्यांचं तोंडात काय ठेवलंय? पण बाई हुशार होत्या. म्हणाल्या, दाताचा पेशंट तुमच्याकडे वर्षातून एकदा फिरकला तर फिरकतो. कंबरेचा पेशंट आमच्याकडे रोज येतो, आठवडेच्या आठवडे येतो, अर्धा तास हाताच्या अंतरावर पडून असतो आणि सारखा बोलत असतो. हे खरंच होतं. इतका वेळ माणसाच्या तोंडाकडे त्याची बायकोसुद्धा बघत नाही. मी हो म्हटलं.

वर्गातली मुलं बडनगर, तराना, शाजापूर, आगरकडची. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅम, हम तो फिज़ियो हैं। मुँह से हमारा क्या लेना-देना?”

मी म्हटलं, “जबड़ा जोड़ है कि नहीं? जोड़ किसका काम है?”

प्रश्न विचारणाऱ्याने वही उघडली. मला वाटलं, लढाई जिंकली. खरी अडचण प्रॅक्टिकलला कळली. ही मुलं लोकांचे तळपाय मांडीवर घेऊन बसतात, घामेजलेल्या पाठी रगडतात, कशाचीही त्यांना किळस नाही. पण तोंड म्हटलं की ‘जूठा’! हातमोजे घालूनसुद्धा बोट पुढे सरकेना. एका मुलीने तर सोमवारचा उपास आहे म्हणून सवलत मागितली. मी म्हटलं, “मुँह में हाथ डालना है, खाना नहीं है।” ती हसली आणि तयार झाली.

त्याहून मोठी अडचण आदराची होती. म्हाताऱ्या माणसाला ‘मुँह खोलो’ म्हणायचं कसं? आधी पायांना हात लावायचा, मग ‘दादाजी, आपको बुरा न लगे तो, थोड़ा सा, बस एक मिनट’ करत राहायचं, आणि तोवर पेशंटची वेळ संपून पुढचा गुडघा दारात उभा. मी सांगून सांगून थकले. शेवटी ओरडले, “बेटा, मुँह देख रहे हो, रिश्ता नहीं माँग रहे!”

सुपारीबद्दल विचारायचंसुद्धा एक शास्त्र आहे. ‘नशा करते हो?’ असं विचारलं की माणूस कानाच्या पाळ्यांना हात लावतो. ‘गुटखा?’ म्हटलं की राम राम म्हणतो. सुपारी तर इथे पूजेच्या ताटात असते, तिला व्यसन कोण म्हणेल? म्हणून विचारायचं, ‘कौन सी लेते हो, सादी कि मीठी?’ मग गडी खुलतो. कुठल्या दुकानातली, कशी कातरलेली, बायकोपासून कुठे लपवलेली, सगळं भडाभडा सांगतो. ही युक्ती मात्र मुलांनी पटकन उचलली, आणि कॉलेजच्या ओपीडीत भैरवगढच्या छापाच्या चादरींवर पडलेले पेशंट कबुलीजबाब द्यायला लागले.

बाकी तपासणी सोपी. टॉर्च मारून ओठ उलटून बघायचे, दोन्ही गालांच्या आत बघायचं, जीभ वर करून तिच्याखाली बघायचं. पांढरा डाग दिसला तर कापसाने पुसायचा, आणि पुसला गेला नाही तर गंभीर व्हायचं. बरी होत नसलेली जखम दिसली तरी तसंच. आणि पेशंटला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायची. गेली तर ठीक, अडली तर गडबड. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहून ठेवले होते: देखो, बताओ, भेजो. चौथं काहीही करायचं नाही, कारण इलाज तुमचं काम नाही.

हे मी दर तासाला बजावायचे, कारण या मुलांचा स्वभाव माझ्या लक्षात आला होता. अडकलेली गोष्ट त्यांना बघवत नाही. वर्गाचं दार घट्ट बसायचं, तर येता-जाता कोणीतरी ते पुढेमागे करून सैल करत असायचं. एकदा माझी मान आखडली होती. ते कळल्यावर तास राहिला बाजूला आणि चौघं जण माझ्या मानेमागे लागले. मान सुटली हे मान्य करायला हवं.

आता आमच्या घरातल्या तोंडाकडे वळते.

माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ आमच्याबरोबरच राहतात. सगळं घर त्यांना दादा म्हणतं, मीही म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं आणि मुलगी बघून त्याचं लग्न लावलं. ती मुलगी मी. त्यामुळे नात्याने दीर असले तरी माझ्या लेखी ते सासरेच. एका शाळेत ते पीटीचे सर होते. अर्ध्या उज्जैनने त्यांच्या शिट्टीवर कवायत केलेली आहे. अजूनही ते भाजी आणायला गेले की एखादा पोट सुटलेला गृहस्थ भर बाजारात वाकून पाया पडतो आणि दादा त्याच्या पोटाकडे बोट दाखवून ‘ये क्या है?’ म्हणतात.

या दादांना सुपारीचं व्यसन, आणि तेही चोरून. शाळेत ज्यांच्या खिशात पुडी सापडली त्या पोरांना त्यांनी मैदानाच्या मधोमध मुर्गा बनवलेलं होतं. मग स्वतः कुठल्या तोंडाने उघड खाणार? म्हणून झाडांना पाणी घालायला गच्चीवर जायचे. आमच्या कुंड्यांना दिवसातून इतक्या वेळा पाणी मिळे की तुळस दोनदा कुजली. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

माझ्यासमोर त्यांनी कधी मोठ्याने हसूनसुद्धा तोंड उघडलं नाही. हसू आलं की रुमाल आडवा धरायचे. सुनेसमोर आ वासून बसायचं नसतं, ही एक रीत. पण त्या रीतीच्या आड दुसरंही काही होतं हे मला कळत होतं. सून दातांची डॉक्टर आहे याचा त्यांना केवढा अभिमान! ओळखीचा जो भेटेल त्याला माझ्याकडे पाठवायचे. स्वतः मात्र कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. एकदा मी सुचवलं तर म्हणाले, “तोंड दाखवून अवलक्षण कशाला?”

मग दादांनी शेव सोडली.

उज्जैनच्या माणसाने शेव सोडणं ही साधी गोष्ट नाही. आधी ते ती ताटात बाजूला सारायला लागले, मग ‘मला नको’ म्हणायला लागले. मागून लोणचं गेलं, हिरवी मिरची गेली, रविवारची कचोरी गेली. पोळी दुधात कुस्करायला लागले, घास लहान झाला, जांभई अर्ध्यावर अडायला लागली. मला ते ताट वाचता येत होतं. सुपारीने गाल आतून आखडतो, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. आणि अशा तोंडात कॅन्सर व्हायचा धोका असतो. मला भीती वाटत होती ती त्याची. मी नवऱ्याला तसं स्पष्ट सांगितलं.

तो म्हणाला, “तूच बोल ना. तू डॉक्टर आहेस.”

“भाऊ तुझे आहेत.”

“मी बोललो तर मला उठाबशा काढायला लावेल.”

बोलणारा माणूस पन्नाशीचा, बँकेत अधिकारी, आणि चेहरा चौथीतल्या पोराचा. मला असा संताप आला की त्याच दिवशी जेवताना मी सरळ म्हटलं, “दादा, मला तुमचं तोंड बघू द्या.” दादांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतला आणि गच्चीवर गेले. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी फक्त भाजी आणि गॅस सिलिंडर या दोनच विषयांवर बोलत होते. मी बाहेरून फणकारा दाखवत होते, आतून मात्र घाबरले होते. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात काय चाललंय ते मला, दातांच्या डॉक्टरला, बघता येत नव्हतं.

अशात दादांचा खांदा धरला. हात वर जाईना, शर्ट घालायला मदत लागायला लागली. माझ्या डोक्यात चटकन ट्यूब पेटली. तपासणी म्हटली की दादा गच्ची गाठतात, पण व्यायाम म्हटला की ते एका पायावर तयार. मी अगदी भोळा चेहरा करून म्हटलं, “नानाखेड्याला फिजिओचं कॉलेज आहे. मुलं व्यायाम छान घेतात. फक्त माझं नाव सांगू नका हं, मुलं घाबरतात.” मी तिथे शिकवते हे दादांना माहीत होतं, काय शिकवते ते नव्हतं. त्यांना ही सूचना फार आवडली. तिथे सुनेचं नाव निघू नये ही त्यांचीही इच्छा होतीच.

नवरा म्हणाला, “हे राजकारण आहे.”

मी म्हटलं, “आहे.”

माझा हिशेब साधा होता. तिथे येणाऱ्या प्रत्येक पेशंटचं तोंड माझी मुलं बघणार, गडबड दिसली की ‘भेजो’ म्हणून चिठ्ठी देणार, आणि दादा निमूट कोणा तरी डॉक्टरकडे जाणार. माझ्याकडे नाही आले तरी चालेल. ते सकाळी जायचे, मी दुपारी तासाला जायचे, म्हणून आमची गाठ पडत नव्हती. मी वाट बघत राहिले. एक आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. दादा खुशीत होते. कोणी ‘पाठवलं’ असं काही दिसेना. मग मी स्वतःची समजूत घालायला लागले की असेल सगळं ठीक, आपणच उगाच ताटात भुतं बघत होतो. त्या दिवसांत मला झोपही बरी लागायला लागली होती.

मग एका सकाळी दादांच्या बेसिनवर, ब्रशच्या पेल्यात, आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा दिसला. स्वच्छ धुतलेला, रबरबँड लावलेला.

कोणाही दुसऱ्या बाईला वाटलं असतं, म्हाताऱ्याने चोरून कुल्फ्या खाल्ल्या. मला मात्र ते बघून काय ते कळलं. आखडलेलं तोंड सैल करायचा तो व्यायाम आहे. काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची, आणि रोज जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची. म्हणजे कोणीतरी दादांचं तोंड बघितलं होतं, ते उघडत नाही हे त्याला कळलं होतं, आणि फळ्यावरचे माझे तीनही शब्द गुंडाळून ठेवून त्याने सरळ कवायत सुरू केली होती. असली चूक जगात फक्त फिजिओची पोरंच करू शकतात. दादांना काय, आनंदच. मैदानातल्या माणसाला रोज थोडी प्रगती दिसली की आणखी काय पाहिजे!

त्या दिवशी मी दवाखाना उशिरा उघडला आणि तणतणत कॉलेजात गेले. त्या खांद्याच्या पीटी सरांना कोण बघतं ते विचारलं. बडनगरची एक मुलगी पुढे आली. तिसऱ्या वर्षाला होती. वर्गात तिची बडबड थांबवता थांबवता मी मेटाकुटीला यायचे, पण हात असा की दुखरा स्नायू तिच्याकडे आपण होऊन चालत येई. मी तिला व्हरांड्यात घेतलं आणि आवाज चढवला.

“देखो, बताओ, भेजो। इसमें ‘कसरत कराओ’ कहाँ लिखा है?”

“मॅम, भेजा था। पहले दिन ही बोला था कि दाँत वाले डॉक्टर को दिखाओ। सर बोले, घर में डॉक्टर है, दिखा दूँगा। रोज़ पूछती हूँ, रोज़ यही बोलते हैं।”

“तो कसरत क्यों?”

“मॅम, दो उँगली भी ठीक से नहीं जा रही थी। पीछे कुछ दिखता ही नहीं था। मैंने सोचा, वो जाएँगे तो हैं नहीं, तो थोड़ा खोल लूँ। खुलेगा तो मैं ही देख लूँगी।”

मी काही बोलायच्या आत तिचा आवाज खाली आला. “कल दिखा, मॅम। पीछे, आखिरी दाढ़ के पास। सफेद है, बीच में लाल। पोंछा, नहीं पुछा। मैं आज आपको फोन करने ही वाली थी।”

मी भिंतीला हात टेकला. ती मात्र तिच्याच नादात, रागाने लाल होऊन बोलत होती, “और मॅम, एक बात बताऊँ? सर झूठ बोलते हैं। जिसके घर में डॉक्टर हो, उसका मुँह ऐसा नहीं होता।”

असं तोंडावर मला आजवर कोणी बोललं नव्हतं. झोंबलं, चांगलंच झोंबलं. मी म्हटलं, “झूठ नहीं बोलते, बेटा। वो डॉक्टर मैं हूँ।”

तिने जीभ चावली, कान पकडले, पायाला हात लावायला वाकली. मी तिला वर उठवलं आणि म्हटलं, माफी नंतर माग, आधी या माणसाला हलवायचं कसं ते सांग. ती म्हणाली, “मॅम, आप बस गाड़ी तैयार रखना।”

दुसऱ्या दिवशी दादा खांद्यासाठी गेले तर तिने त्यांना पलंगावर झोपूच दिलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, “सर, आप ग्राउंड के बाहर हो। जब तक मुँह नहीं दिखाओगे, मैं कंधे को हाथ नहीं लगाऊँगी।” दादांनी दम देऊन बघितला, लाडीगोडी करून बघितली. मुलगी हलली नाही. आपल्या खाटेवर दुसऱ्या कोणाचा तरी गुडघा चढलेला बघून, जन्मभर दुसऱ्यांना मैदानाबाहेर काढलेला तो माणूस तासभर तिथे बसून राहिला. मग म्हणाला, “चल। पर तू साथ चलेगी।”

मी त्यांना इंदूरला माझ्या कॉलेजच्या काळातल्या मैत्रिणीकडे नेलं. ती तोंडाची सर्जन आहे. वाटेत गाडीत ती मुलगी सांवेरपर्यंत तिच्या मावशीच्या लग्नाची गोष्ट सांगत होती आणि त्या बडबडीसाठी मला तिचे पाय धरावेसे वाटत होते. दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा मी उठले. दादांनी हाताने मला थांबवलं.

“ही येईल आत. तू बाहेर बस.”

“अहो दादा, मी डॉक्टर आहे!”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “तुझ्यासमोर नाही होणार माझ्याने.”

दरवाजा बंद झाला. इतकी वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाकावर माणूस कसा बसतो ते मला त्या दिवशी कळलं. शेजारी एक बाई नवऱ्यासाठी बसली होती. तिने मला विचारलं, “आपके कौन हैं?” मी म्हटलं, “ससुर जी।” तोंडातून तेच निघालं.

गालाचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट होते. नवरा ऑफिसातून लवकर घरी यायचा आणि भावाच्या खोलीबाहेर उगाच घुटमळायचा. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. मैत्रीण फोनवर म्हणाली, आहे, पण नुकता उंबऱ्यात आलाय, अजून घरात शिरलेला नाही, लगेच काढून टाकू. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि दादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या पोरीला कळवलंस?”

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला आणि तिथे मांडीची कातडी लावली. पुढे रेडिएशनचा शेक-बिक काही द्यायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. जखम भरताना तोंड पुन्हा आखडू नये म्हणून व्यायाम हवाच, असं मैत्रिणीने बजावलं, आणि बडनगरची मुलगी कागदोपत्री अधिकार मिळाल्याच्या थाटात हजर झाली. मी तिला काही बोलू शकत नव्हते. आता तोच इलाज होता. सुपारी सुटली. कशी सुटली ते विचारायचं नाही असं घरात ठरलंय. तुळस या खेपेला छान फुटली आहे.

पण मला मात्र दादांनी तोंड दाखवलं नाही ते नाहीच. दर वेळी इंदूरला जाऊन दाखवून यायचे. मी विचारलं की म्हणायचे, “तुझ्या मैत्रिणीने बघितलंय ना? झालं तर.” मैत्रीण सगळं ठीक आहे म्हणायची, आणि माझा तिच्यावर विश्वास होता. तरी जेवताना माझी नजर त्यांच्या जबड्यावर जायची आणि ते रुमाल शोधायचे. मला वाईट वाटायचं. इतकं सगळं होऊनही मी त्यांच्यासाठी दाराबाहेरचीच.

पुढच्या वर्षी नवी मुलं आली, तीच रड घेऊन. जूठा, बुरा न लगे तो, सगळं तेच. मी घरी वैतागून बोलले की या मुलांना शिकवायला एखादा धीट पेशंट हवा, सगळ्यांना बघू देईल असा. दादा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “मी येतो.”

मला वाटलं, ऐनवेळी पाय मागे घेतील. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरे बूट अशा थाटात ते वर्गात आले आणि खुर्चीत ताठ बसले. मी मुलांना थोडक्यात सांगितलं, काय झालं होतं, कुठे बघायचं. कोणी पुढे येईना. एक मुलगा आला, पाया पडला आणि म्हणाला, “सर, आपको बुरा न लगे तो...”

“बुरा लगेगा!” दादा गरजले. “नहीं देखोगे तो बुरा लगेगा। पूरी क्लास, लाइन!”

मुलं दचकून उभी राहिली. कोणीतरी हळूच विचारलं, “सर, आपने पहले क्यों नहीं दिखाया?”

“शर्म आती थी, बेटा। इसी बात पर बच्चों को मुर्गा बनाता था।” मुलं हसली. दादा हसले नाहीत. “मर जाता, पर दिखाता नहीं। ऐसे ही लोग आएँगे तुम्हारे पास। पूछते मत बैठना।”

मग त्यांनी रांग लावायला घेतली. सगळ्यात बुटका पुढे, सगळ्यात उंच मागे, पीटीच्या मैदानात लागते तशी. मुलं खांद्याला खांदा लावून उंची मापायला लागली, ढकलाढकली झाली. मी टॉर्च कोणाच्या तरी हातात देऊन बाजूला फळ्याशी जाऊन उभी राहिले.

“ए,” दादांनी मला हाक मारली. मराठीत. “तू कुठे चाललीस? सगळ्यात बुटकी तूच आहेस. पुढे ये.”

वर्ग बघत होता. मी टॉर्च परत घेतला, हातमोजे चढवले आणि रांगेत पहिली उभी राहिले. दादांनी मान मागे टेकली आणि माझ्याकडे बघत तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मी गाल बोटाने बाजूला केला. लावलेली कातडी जरा फिकट होती, कडा मऊ होत्या. दाढेच्या मागे स्वच्छ होतं. जिभेखाली स्वच्छ होतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली, कारण मला नीट दिसेनासं झालं होतं.

मागून आवाज आला, “मॅम, हमारा नंबर?”

मी म्हटलं, “रुको, बेटा.” दादांनी तोंड मिटलं नव्हतं आणि मला अजून बघायचं होतं.